दोन कबरी आणि चारशे फळ्या : टॉम थॉमसन नावाचं प्रकरण

कनू लेक हे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातलं, अल्गॉन्क्विन पार्कच्या पोटातलं एक तळं. त्याच्या काठी एका उंचवट्यावर दगडांचा चबुतरा रचलेला आहे, त्यावर कांस्याची पाटी आहे आणि पाटीवर २७ सप्टेंबर १९१७ ही तारीख. मजकुराचा आशय असा : हा माणूस रानात साधेपणानं पण उत्कटतेनं राहिला. रानानं त्याला निसर्गातल्या साऱ्या मोकाट जिवांचा भाऊ केलं, जगापासून बाजूला ओढून आपलं रूप त्याला दाखवलं, ते लोकांना चित्रांतून दाखवण्यापुरतं त्याला बाहेर पाठवलं आणि शेवटी परत आपल्या कुशीत घेतलं.

हा माणूस म्हणजे चित्रकार टॉम थॉमसन. ८ जुलै १९१७ रोजी तो याच तळ्यात बुडाला. वय ३९. पाटीचा मजकूर लिहिला त्याचा मित्र जे. ई. एच. मॅकडॉनल्ड यानं. टोरांटोच्या ज्या छपाई कंपनीत थॉमसन जाहिरातींची अक्षरं काढायचा, तिथे मॅकडॉनल्ड प्रमुख आरेखक होता. म्हणजे थॉमसनचा हात कुठे आणि कसा घडला हे ज्यानं जवळून पाहिलं, त्यानंच लिहून ठेवलं की त्याला रानानं घडवलं. मित्र जाऊन तीन महिनेही झाले नव्हते, त्या दुःखात हे शब्द आले, म्हणून मी मॅकडॉनल्डला दोष देत नाही. पण तोच मजकूर पुढे शंभर वर्षं थॉमसनचं चरित्र होऊन बसला. शाळेच्या पुस्तकांत, टपाल तिकिटावर, संग्रहालयांच्या भिंतींवर तो रानाचा भाऊ म्हणूनच भेटत राहिला.

या प्रकरणात मला दोन गोष्टी तपासायच्या आहेत. पस्तिशीला टेकेपर्यंत नाव घेण्यासारखं एकही चित्र नसलेला माणूस पाच वर्षांत देशाचा चित्रकार कसा झाला? आणि तो गेल्यावर त्याच्या चित्रांमधलं काय लोकांनी पाहिलं, काय नजरेआड केलं?

छापखान्यातला माणूस

थॉमसनचा जन्म ५ ऑगस्ट १८७७ चा, ऑन्टारिओतल्या क्लेअरमाँटचा. दहा भावंडांत सहावा. वाढला जॉर्जियन बेच्या काठी, ओवेन साउंडजवळच्या लीथ गावातल्या शेतावर. तरुणपण विस्कळीत गेलं. यंत्रांच्या कारखान्यात उमेदवारी केली, ती सुटली. बोअर युद्धात जायला निघाला, तब्येतीच्या कारणानं नाकारला गेला. मग भावाच्या मागोमाग अमेरिकेत सिॲटलला गेला. तिथे व्यवसाय महाविद्यालयात थोडं शिक्षण झालं आणि एका खोदकामाच्या कंपनीत अक्षरं आणि नक्षी काढण्याचं काम मिळालं. तीनेक वर्षांत परत आला आणि टोरांटोत असंच काम करू लागला.

१९०८-०९ च्या सुमारास तो ग्रिप लिमिटेड या कंपनीत लागला. कला विभागाचा प्रमुख अल्बर्ट रॉब्सन. मॅकडॉनल्ड तिथे होताच. पुढे आर्थर लिस्मर, फ्रेड व्हार्ली, फ्रँकलिन कारमायकल आणि फ्रँक जॉन्स्टनही याच कंपनीच्या टेबलांवर येऊन बसले. कॅनडाच्या कलेच्या इतिहासात ज्यांना ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ म्हणतात, त्या सातांपैकी हे पाच जण. उरलेले दोघे, लॉरेन हॅरिस आणि ए. वाय. जॅक्सन, बाहेरून आले.

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण थॉमसनच्या गोष्टी सांगणारे या काळावरून भराभर पुढे जातात, जणू ही कारकुनी संपली की खरा चित्रकार सुरू होणार आहे. जाहिरातीचा आरेखक काय शिकतो? मोकळी जागा कशी तोलायची. दुरूनही वाचता यावा असा आकार कसा काढायचा. दहा रेषांचं काम एका रेषेत कसं उरकायचं. त्या काळातल्या छपाईवर आर नूव्हो शैलीचा पगडा होता. वळत जाणारी, वेलीसारखी रेषा, सपाट रंगाचे पट्टे, पुढच्या झाडाची काळी जाळी आणि तिच्या फटींतून दिसणारं मागचं उजळ दृश्य. आता १९१५ चं ‘नॉर्दर्न रिव्हर’ डोळ्यांसमोर आणा. पुढे सडपातळ काळ्या झाडांचा पडदा, त्यामागे वळणारी नदी, पाण्यावर शरदातला उजेड. एखाद्या सुंदर छापील पानाची मांडणी आहे ती. रान त्यात नक्कीच आहे, पण ते पाहणारा डोळा ग्रिपमध्ये तयार झाला होता.

१९१२ च्या मे महिन्यात बेन जॅक्सन या सहकाऱ्याबरोबर तो अल्गॉन्क्विन पार्कला पहिल्यांदा गेला. चित्रं काढायचं बाहेर नेण्याजोगं सामान त्यानं याच सुमारास घेतलं. त्याच वर्षी विल्यम ब्रॉडहेड या दुसऱ्या सहकाऱ्याबरोबर मिसिसागीच्या राखीव जंगलात कनूतून, म्हणजे वल्हवायच्या हलक्या होडीतून, सुमारे दोन महिन्यांचा प्रवास केला. वाटेत होडी उलटली आणि बरीचशी चित्रं आणि छायाचित्रं पाण्यात गेली. तरी उरलेल्या सामग्रीवर त्या हिवाळ्यात त्यानं ‘नॉर्दर्न लेक’ हे मोठं चित्र केलं, १९१३ च्या प्रदर्शनात मांडलं आणि ऑन्टारिओ सरकारनं ते २५० डॉलरना विकत घेतलं.

‘उत्तर’ कुठून आली

थॉमसनला उत्तरेचा चित्रकार म्हणतात. नकाशा काढून पाहिलं तर अल्गॉन्क्विन पार्क ४६ अक्षांशाच्या किंचित खाली येतं, म्हणजे इटलीतल्या मिलानच्या जवळपास त्याच रेषेत. ध्रुव तिथून फार फार लांब. टोरांटोहून आज गाडीनं तीन-साडेतीन तासांत माणूस पोचतो. टोरांटोच्या आसपास राहणारी मराठी कुटुंबंही मेपलची पानं लाल झाली की तिथे एखादा शनिवार-रविवार काढतात आणि हायवे ६० वरून जाताना कनू लेकच्या रस्त्यावरच्या फलकापाशी थांबतात. टोरांटोकरांच्या बोलण्यात ‘अप नॉर्थ’ म्हणजे शहर संपल्यावर जिथे खडक, पाणी आणि सूचिपर्णी झाडं सुरू होतात तो सगळा मुलूख.

मग या उत्तरेचं एवढं मोठं काय झालं? त्याचं एक उत्तर अमेरिकेतल्या बफेलो शहरात आहे. जानेवारी १९१३ मध्ये तिथल्या ऑलब्राइट कलादालनात स्कँडिनेव्हियन चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि मॅकडॉनल्ड आणि हॅरिस ते पाहायला गेले. नॉर्वे-स्वीडनच्या चित्रकारांनी बर्फ, डोंगर, गोठलेली जंगलं यांना मुख्य विषय केलेलं त्यांनी पाहिलं. आपल्या देशातही हेच आहे, फक्त ते चित्रात आणायला आपण धजत नाही, हा विचार घेऊन दोघे परतले. तोवर कॅनडातले रसिक हॉलंडच्या गुरांची आणि इंग्लंडच्या कुरणांची चित्रं घरात लावत. सूचिपर्णी झाडांचं खडबडीत रान चित्रात आणण्याजोगं नाही, असं खुद्द कॅनडातच म्हटलं जाई.

थॉमसन बफेलोला गेला नव्हता. पण ती कल्पना मित्रांच्या गप्पांतून त्याच्यापर्यंत आली आणि त्या मित्रांकडे जे नव्हतं ते थॉमसनकडे होतं. त्याला होडी वल्हवता येत होती, मासे धरता येत होते, आठवडे न् आठवडे तंबूत राहता येत होतं. आजच्या कामाच्या भाषेत बोलायचं तर मसुदा हॅरिस-मॅकडॉनल्डचा होता आणि तो जमिनीवर नेणारा माणूस थॉमसन. हे म्हटल्यानं तो लहान होत नाही. कल्पना कितीही मोठी असली तरी डासांच्या थव्यात उभं राहून ओल्या फळीवर रंग लावणारं कुणीतरी लागतंच.

पैसे, पडवी आणि डॉक्टर

रानानं बोलावलं आणि तो गेला, असं सांगितलं जातं. त्याला जाता आलं ते दोन माणसांमुळे आणि एका रेल्वेमुळे.

पहिले डॉ. जेम्स मॅकॅलम, टोरांटोतले नेत्रतज्ज्ञ. जॉर्जियन बेवर त्यांचं उन्हाळी घर होतं. त्यांनी १९१३ च्या शरदात ए. वाय. जॅक्सनला आणि थॉमसनला सांगितलं की नोकरी सोडा, एक वर्षाचा खर्च माझा. जॅक्सननं होकार दिला. थॉमसन घुटमळला. आपल्यावर कुणी पैसा लावावा एवढे आपण आहोत का, ही शंका त्याला कधी सोडून गेली नाही. शेवटी तयार झाला.

दुसरा लॉरेन हॅरिस, शेती-यंत्रं बनवणाऱ्या श्रीमंत घराण्यातला. त्यानं मॅकॅलमबरोबर पैसे घालून टोरांटोच्या रोझडेल दरीच्या काठावर चित्रकारांसाठी स्टुडिओ बिल्डिंग बांधली. ती १९१४ मध्ये तयार झाली. थॉमसन आणि जॅक्सन तिथे एकाच खोलीत राहून काम करत. जॅक्सन फ्रान्समध्ये शिकून आलेला, रंग शेजारी-शेजारी सुटे ठेवायची तिथली रीत त्याला ठाऊक होती. थॉमसनची लाकडी फळ्यांवरची छोटी चित्रं त्यानंतर एकदम उजळली आणि याचं श्रेय जॅक्सनला दिलंच पाहिजे. जॅक्सन तिथून निघून गेल्यावर थॉमसन इमारतीमागच्या लाकडी पडवीत राहायला गेला. भाडं महिना १ डॉलर. पुढचे हिवाळे त्यानं तिथे काढले. दिवसभर मोठी कॅनव्हास, रात्री बर्फावर चालायचे जोडे बांधून दरीतून लांबवर फेरफटका. ‘द जॅक पाइन’ आणि ‘द वेस्ट विंड’, ज्यांच्यावाचून आज कॅनडाच्या कलेचं पान उलटत नाही, ती दोन्ही चित्रं या पडवीत झाली.

आणि रेल्वे. जे. आर. बूथ या लाकूड-व्यापाऱ्यानं ओंडके वाहून नेण्यासाठी टाकलेल्या लोहमार्गावर कनू लेकचं स्टेशन होतं. त्या स्टेशनावर उतरून थॉमसन मोवट लॉज या शॅनन फ्रेझरच्या खानावळवजा घरात उतरायचा. ती इमारतही एका बुडालेल्या लाकूड कंपनीची उरलेली मालमत्ता. त्या रेल्वेशिवाय हे तळं थॉमसनला गाठता आलं नसतं.

साडेआठ बाय साडेदहा

आता खरा ऐवज. थॉमसनची मोठी कॅनव्हास पन्नासच्या आसपास आहेत आणि छोट्या फळ्यांवरची तैलचित्रं सुमारे चारशे. फळ्यांचा नेहमीचा आकार साडेआठ इंच बाय साडेदहा इंच, शाळकरी वहीएवढा. तो आकार पेटीनं ठरवला होता. मांडीवर मावणारी लाकडी पेटी, तिच्या झाकणाच्या आत फळी अडकते, खाली रंग, आणि ओलं चित्र दुसऱ्याला लागू नये म्हणून खाचा. कनूत टाकायची, खडकावर बसून उघडायची, तास-दीड तासात उरकायचं. उजेड बदलतो, बोटं गारठतात, एप्रिलमध्ये वितळणाऱ्या बर्फाचं पाणी बुटांत जातं, मे-जूनमध्ये काळ्या माश्या फोडून काढतात. अशा वेळी पानन् पान काढत बसता येत नाही. मग एका फटकाऱ्यात बर्च उभा राहतो. हा बर्च म्हणजे आपल्या हिमालयातल्या भूर्जाचा भाऊबंद, तशीच कागदासारखी सुटणारी पांढरी साल.

अनेक फळ्यांवर पूर्ण जागा रंगवलेलीच नाही. मूळ लाकडाचा तांबूस-पिवळा रंग तसाच सोडून तोच माती म्हणून, तोच संध्याकाळचा उजेड म्हणून वापरलेला आहे. आठवणीतून लिहिलेल्या गोष्टींत एक मला फार आवडते : त्यानं आपली कनू रंगवायला घेतली तेव्हा बाजारातल्या करड्या रंगात कोबाल्ट निळ्याची चित्रकाराची महागडी ट्यूब मिसळली, कारण त्याला पाण्यावर शोभेल तोच करडा हवा होता. पैशाची चणचण असलेला माणूस होडीसाठी एवढा रंग खर्च करतो, तेव्हा रंगाशी त्याचं नातं काय होतं ते कळतं.

छोट्या फळीवरून मोठ्या कॅनव्हासवर जाताना काय होतं, हे ‘द जॅक पाइन’मध्ये दिसतं. १९१६ च्या उन्हाळ्यात थॉमसन पार्कच्या पूर्वेला ग्रँड लेकवर अक्रे इथे वणवा-राखणदार म्हणून नोकरीला होता. तिथल्या काठावरचं एक वाकडं जॅक पाइनचं झाड त्यानं फळीवर घेतलं. हिवाळ्यात पडवीत त्याचं सुमारे १२८ बाय १४० सेंटिमीटरचं कॅनव्हास झालं. खडकावर एक झाड, फांद्या लोंबलेल्या. मागे तळं, पलीकडे डोंगर. आभाळ आणि पाणी रुंद कुंचल्याच्या आडव्या पट्ट्यांनी भरलंय, जणू वीटकाम. झाडाच्या कडेनं आणि फांद्यांच्या फटींतून खालचा लाल रंगाचा थर डोकावतो, त्यामुळे हिरवं-काळं झाड आतून धगधगल्यासारखं वाटतं. फळीवरची घाई इथे नाही. इथे छापखान्यातला आरेखक कामाला आलाय.

जॅक पाइनबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या झाडाच्या बऱ्याच शंकूंवर राळेचा लेप असतो आणि ते वर्षानुवर्षं मिटलेले राहतात. वणव्याच्या उष्णतेनं राळ वितळली की उघडतात आणि जळलेल्या जमिनीवर बी पडतं. वणवा राखायला नेमलेला माणूस वणव्याच्या भरवशावर जगणारं झाड रंगवत होता.

१९१७ च्या वसंतात त्यानं एक नवीनच गोष्ट हाती घेतली. बर्फ वितळण्यापासून पालवी फुटेपर्यंत दर दिवसाची एक फळी, म्हणजे हवामानाची रोजनिशीच. पार्कचा राखणदार मार्क रॉबिन्सन याच्या आठवणीप्रमाणे थॉमसननं त्याला बासष्ट दिवसांची अशी नोंद झाल्याचं सांगितलं होतं. माझ्या मते तो पुढे कुठल्या दिशेला चालला होता हे या कामात दिसतं. एकच थोर दृश्य शोधण्याऐवजी एकाच जागेचं रोजचं बदलणं. तो जगला असता तर कॅनडाची चित्रकला कदाचित ‘ग्रुप ऑफ सेव्हन’च्या भव्य शिखरांकडे न जाता या बारीक नोंदींकडे गेली असती.

आठ दिवस

८ जुलै, रविवार. दुपारी मोवट लॉजच्या धक्क्यावरून थॉमसन कनू घेऊन निघाला. त्याच दिवशी कनू तळ्यात उलटी तरंगताना दिसली. मृतदेह सापडला १६ जुलैला. कपाळाच्या बाजूला सुमारे चार इंचांची खूण आणि घोट्याभोवती मासेमारीची दोरी गुंडाळलेली. तिथे सुटीवर आलेल्या डॉ. गोल्डविन हाउलंड यांनी तपासून बुडून मृत्यू असं म्हटलं. उन्हाळ्याचे दिवस, देह ठेवता येण्याजोगा नव्हता, म्हणून १७ तारखेला त्याला तळ्यामागच्या लहानशा दफनभूमीत पुरलं. कॉरोनर, म्हणजे अपमृत्यूची चौकशी करणारे अधिकारी, डॉ. आर्थर रॅनी पोचले ते त्यानंतर. त्यांनी साक्षी घेतल्या आणि अपघाती बुडून मृत्यू असा निर्णय देऊन परत गेले. मग घरच्यांच्या सांगण्यावरून हंट्सव्हिलहून आलेल्या माणसानं शवपेटी उकरून काढली आणि २१ जुलैला लीथच्या दफनभूमीत दुसरं दफन झालं.

संशयाला लागणारं सगळं इथे आहे. घाईचं दफन, देह न पाहता दिलेला निर्णय, रात्रीत एकट्यानं केलेलं उत्खनन, बंद पेटी. भांडण, पैशाची उधारी, प्रेमप्रकरण, आत्महत्या अशा अनेक कथा आल्या आणि अजून येतात. मी त्यांत पडत नाही. मेलेल्या, स्वतःची बाजू मांडू न शकणाऱ्या माणसांवर शंभर वर्षांनी खुनाचा आळ घालण्याएवढा पुरावा कुणाकडे नाही. मला वाईट वाटतं ते याचं की थॉमसनच्या त्या शेवटच्या आठ दिवसांवर जेवढी शाई खर्च झाली, तेवढी त्याआधीच्या बासष्ट दिवसांवर झाली नाही.

पण १९५६ ची घटना टाळता येत नाही. विल्यम लिटल आणि त्याच्या तीन मित्रांनी कनू लेकची जुनी कबर खणली. ती रिकामी असायला हवी होती. आत सांगाडा निघाला आणि कवटीच्या बाजूला भोक होतं. सरकारी तपासणीनं निष्कर्ष दिला की हा थॉमसन नाही, हा मूलवासी वंशाचा पुरुष आहे. हा निकाल सगळ्यांना पटला नाही, आणि देह लीथला गेलाच नाही असं मानणारे आजही आहेत.

तो निष्कर्ष खरा धरला, तर काय घडलं ते नीट पाहायला हवं. या रानाचा भाऊ म्हणवल्या गेलेल्या माणसाला शोधायला खणलं आणि हाती लागला या रानाचा मूळ माणूस. त्याचं नाव काय, तो कधी आणि कशानं मेला, हे कुणाला शोधावंसं वाटलं नाही. तो ‘थॉमसन नव्हे’ एवढीच त्याची ओळख राहिली.

वारसा कसा घडवला गेला

थॉमसन गेल्यावर पडवीत आणि मित्रांकडे फळ्यांचे ढीग होते. बहुतेकांवर सही नाही, नाव नाही. मग मॅकडॉनल्डनं एक शिक्का तयार केला. त्यावर थॉमसनची दोन आद्याक्षरं आणि १९१७ हे साल. तो फळ्यांवर उमटवला गेला. हे साल चित्राचं नाही, मृत्यूचं आहे, तेव्हा १९१४ च्या फळीवरही १९१७ असू शकतं. चित्रांची बरीचशी नावंही मागून डॉ. मॅकॅलम आणि मित्रांनी दिली. म्हणजे आज आपण थॉमसनची म्हणून जी शीर्षकं वाचतो, त्यांतली कित्येक त्याच्या तोंडची नाहीत. हे काम त्यांनी प्रेमानं केलं आणि केलं नसतं तर यातलं बरंच पांगलं असतं.

ऑटावाच्या नॅशनल गॅलरीनं थॉमसन जिवंत असतानाच त्याची चित्रं घ्यायला सुरुवात केली होती, ‘नॉर्दर्न रिव्हर’ तर ५०० डॉलरना. १९१८ मध्ये ‘द जॅक पाइन’ही तिथे गेलं. १९२० मध्ये टोरांटोत त्याचं स्मृतिप्रदर्शन झालं आणि त्याच वर्षी ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ची स्थापना. थॉमसन सातांत नाही, तरी लोक त्याला आठवा नव्हे, पहिला धरतात. १९२६ मध्ये ‘द वेस्ट विंड’ टोरांटोच्या कलादालनाला मिळालं. १९४४ मध्ये मॅकॅलम यांच्या मृत्युपत्रानं त्यांचा संग्रह नॅशनल गॅलरीत पोचला. पडवी १९६२ मध्ये उचलून क्लाइनबर्गच्या मॅकमायकल संग्रहालयाच्या आवारात नेली. १९६७ मध्ये, देशाच्या शताब्दी वर्षात, ‘द जॅक पाइन’ १० सेंटच्या टपाल तिकिटावर आलं. २००९ मध्ये त्याची एक छोटी फळी लिलावात २७ लाख डॉलरच्या वर गेली.

या साऱ्या प्रवासात एक चित्र पक्कं होत गेलं : अस्पर्श, निर्जन उत्तर आणि तिच्यासमोर एकटा माणूस. खटकतं ते इथे. अल्गॉन्क्विन पार्क १८९३ मध्ये स्थापन झालं ते लाकूडतोड थांबवून नव्हे. ती चालूच राहिली, आजही पार्कच्या मोठ्या भागात नियमांखाली चालते. थॉमसनच्या काळात मोवट लॉजभोवती गिल्मर या लाकूड कंपनीनं सोडलेलं ढलप्यांचं आणि सालपटांचं ओसाड मैदान होतं. बंधाऱ्यांनी पाणी फुगून काठची झाडं उभ्या-उभ्या मेली होती. आणि ही जमीन ज्यांची, ज्यांच्या नावावर पार्कचं नाव ठेवलं, त्या अल्गॉन्क्विन लोकांनी ती कुठल्या करारानं कधी दिलीच नव्हती. त्यांच्या हक्काबाबत सरकारशी तत्त्वतः करार झाला तो २०१६ मध्ये, आणि तोही अंतिम नाही.

थॉमसननं अल्गॉन्क्विन माणसांना चित्रात आणलं नाही. हे त्याचं आणि त्याच्या काळाचं आंधळेपण, ते झाकायचं कारण नाही. पण तोडलेलं रान त्यानं झाकलं नाही. ‘द ड्राइव्ह’मध्ये बंधाऱ्यातून ओंडके सुटतायत. ‘बटो’मध्ये लाकूडतोड्यांच्या लाल होड्या ओळीनं उभ्या आहेत. तोडणीनंतर उगवलेलं कोवळं, किरकोळ झाडांचं रान त्याच्या फळ्यांवर वारंवार येतं. शरदातला त्याचा तो भडक लाल-केशरी बहर तरी कुठून आला? बर्च, पॉप्लर, लाल मेपल ही झाडं मोठे पाइन पडून उजेड खाली उतरल्यावर जोमानं येतात. ज्या रंगांसाठी आज हायवेवर गाड्यांची रांग लागते, त्यांत कुऱ्हाडीचाही हात आहे.

१९१५ ची ‘फायर-स्वेप्ट हिल्स’ ही फळी टोरांटोच्या ऑन्टारिओ कलादालनात आहे. वणव्यानं धुऊन काढलेला एक चढ. वर जळक्या काड्यांसारखी उरलेली खोडं, खाली आडवी-तिडवी पडलेली लाकडं आणि उघडे पडलेले दगड. त्यात वाट नाही, झाडाखाली बसायला सावली नाही. रंग इतके जाड लावलेत की कुंचल्याच्या केसांचे ओरखडे मोजता येतात आणि राखेच्या करड्यात जागोजाग लाल पेटतं. खोली गजबजलेली असते, बहुतेक जण ‘द वेस्ट विंड’समोर जमतात. या वहीएवढ्या फळीपुढे वाकून उभं राहावं लागतं, नाक जवळजवळ काचेला टेकवून, आणि मग खालच्या डाव्या बाजूपासून हळूहळू वर चढत जावं लागतं, जसा तो त्या दिवशी पेटी घेऊन चढला असेल.